एकावर थांबणं

अकरावीचा तास, जेवणाच्या सुट्टीनंतरचा. पंखे गरगरत होते, बाकांवर डब्यांचा वास अजून रेंगाळत होता. फळ्यावर मी मिथेन अधिक क्लोरीन लिहिलं, बाणावर ‘सूर्यप्रकाश’ लिहिलं आणि बाणापलीकडे क्लोरोमिथेन अधिक हायड्रोजन क्लोराइड. प्रतियोजन अभिक्रिया: हायड्रोजनचा एक अणू जातो, त्याच्या जागी क्लोरीनचा एक येतो. वर्षानुवर्षं हात आपोआप लिहितो, असं ते समीकरण. मुलं उतरवून घेत होती. तेवढ्यात भिंतीकडच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती हात वर न करताच म्हणाली, “मॅडम, पण क्लोरीनला एकावर थांबायचं कसं कळतं?” मागे दोघंतिघं हसले. मी म्हटलं, “थांबत नाही. पुढे डायक्लोरो, ट्रायक्लोरो, टेट्राक्लोरो असं होत जातं. एकच हवं असेल तर मिथेन भरपूर घ्यायचा.” तिने मान डोलावली आणि ‘मिथेन भरपूर’ असं वहीत लिहून घेतलं. परीक्षेत या ओळीला पूर्ण गुण मिळतात. तरी त्या दिवशी बहादूरशेख नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी असताना मला सारखं वाटत होतं की तिने विचारलं त्यापेक्षा फार छोटं उत्तर मी तिला दिलं. भरपूर मिथेन घेतला तर काय होतं, हे मी सांगितलं. थांबणं इतकं अवघड का आहे, हे राहूनच गेलं.

अल्केन, म्हणजे मिथेनसारखी फक्त कार्बन-हायड्रोजनची, एकेरी बंधांची संयुगं, ही खरं तर कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली मंडळी. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमधले प्रोपेन आणि ब्युटेन, मेणबत्तीचं पॅराफिन, ओठांना लावायचं व्हॅसलीन, सगळे याच घराण्यातले. पेटवलं तर जळतात, एरवी ढिम्म. आम्ल ओता, अल्कली ओता, पोटॅशियम परमँगनेट ओता, जांभळा रंग आहे तसाच. आमच्या प्रयोगशाळेत सोडियमचे तुकडे रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेले आहेत. चिमट्याने एक तुकडा काढून सुरीने कापला की आतली चकचकीत चांदीसारखी बाजू दिसते आणि बघता बघता हवेत ती काळवंडते. पाण्याशी गाठ पडली की पेट घेणारा हा धातू रॉकेलमध्ये वर्षभर शांत पडून असतो. त्याला सांभाळायला आपण अल्केन निवडतो, यातच त्यांच्या स्वभावाचं प्रमाणपत्र आलं. आणि अशा संयुगाला फक्त उन्हात क्लोरीनजवळ नेलं की ते बदलायला लागतं. मला या धड्याचं आकर्षण आहे ते यासाठी.

क्लोरीन वर्गात आणता येत नाही, म्हणून मी ब्रोमीन वापरते. दोन परीक्षानळ्यांत हेक्झेन घ्यायचं, दोन्हींत ब्रोमीनचे दोन-दोन थेंब. ब्रोमीनची बाटली धूर खेचणाऱ्या कपाटातच उघडावी लागते. तो वास एकदा नाकात शिरला की संध्याकाळपर्यंत घशात बसून राहतो. दोन्ही नळ्यांत तांबूस नारिंगी रंग पसरतो. एका नळीला काळा कागद गुंडाळायचा आणि दुसरी खिडकीत उन्हात ठेवायची. पहिला मिनिटभर काहीच होत नाही, मुलं कुजबुजायला लागतात. मग नारिंगी पिवळट होतो, पिवळा फिकट होतो आणि शेवटी नळीत पाण्यासारखं स्वच्छ द्रव उरतं. नळीच्या तोंडाशी ओला निळा लिटमस धरला की तो लाल होतो. अमोनियात बुडवलेली काचेची कांडी जवळ नेली की दाट पांढरा धूर उठतो. म्हणजे ब्रोमीन नुसता नाहीसा झालेला नाही. त्याचा एक अणू हेक्झेनमध्ये जाऊन बसला आणि दुसरा, हेक्झेनमधून निघालेल्या हायड्रोजनला घेऊन, हायड्रोजन ब्रोमाइड होऊन बाहेर पडला. दर अदलाबदलीत हॅलोजनचा, म्हणजे क्लोरीन-ब्रोमीनच्या घराण्यातल्या मूलद्रव्याचा, निम्मा वाटा असा आम्लात जातो, हे समीकरणात दिसत असतं, पण धूर पाहिल्यावर ते पटतं. जुलैत, आभाळ भरून आलेलं असलं की हाच प्रयोग कितीतरी रेंगाळतो आणि तोही मला दाखवायला आवडतो.

काळा कागद सोडला की आतला रंग जसाच्या तसा असतो.

उजेड नेमकं काय करतो? क्लोरीनच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना धरून आहेत ते मोलमागे सुमारे २४३ किलोज्यूलच्या बळावर. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध ४३९ चा आहे. म्हणून उन्हाने आधी फुटतो तो क्लोरीन, मिथेन नाही. क्लोरीनचे दोन सुटे अणू तयार होतात, प्रत्येकाजवळ एकेक एकटा इलेक्ट्रॉन. असा अणू मिथेनचा एक हायड्रोजन ओढून घेतो आणि मागे मिथाइल मूलक उरतो. त्याच्याजवळही एकटा इलेक्ट्रॉन असतो (असा एकटा इलेक्ट्रॉन असलेला कण म्हणजे मूलक), तो समोर आलेल्या क्लोरीनच्या रेणूवर तुटून पडतो, त्यातला एक अणू घेतो आणि दुसरा अणू सुटा करतो. हा सुटा अणू पुढच्या मिथेनकडे जातो. ही साखळी. एकदा सुरू झाली की एका प्रकाशकणामागे हजारो रेणू बदलून जातात, आणि दोन मूलक एकमेकांनाच भिडले तरच तो धागा तुटतो. आता त्या मुलीचा प्रश्न इथे ठेवून बघा. सुट्या क्लोरीन अणूला समोर मिथेन आहे की आधीच एकदा बदललेलं क्लोरोमिथेन आहे, याचं सोयरसुतक नाही. उलट क्लोरोमिथेनमधला उरलेला हायड्रोजन काढणं त्याला मिथेनपेक्षा सोपं जातं, कारण कार्बनवर एक क्लोरीन बसला की बाकीचे कार्बन-हायड्रोजन बंध किंचित सैल होतात. म्हणजे पहिला बदल दुसऱ्याला वाट करून देतो. समसमान मिथेन आणि क्लोरीन घेतलेत तरी भांड्यात चारही उत्पादितं सापडणार आणि काही मिथेन तसाच राहणार. ‘भरपूर मिथेन’ या उत्तरात काही जादू नाही, फक्त गर्दीचं गणित आहे: आजूबाजूला मिथेनच इतका ठेवायचा की सुट्या अणूला क्लोरोमिथेन भेटायची पाळीच क्वचित यावी.

माझा एक जुना विद्यार्थी केमिकल प्लांटवर शिफ्टला आहे. दिवाळीत भेटायला आला तेव्हा मी त्याला हाच प्रश्न विचारला. त्यांच्याकडे टोल्युइनच्या, म्हणजे मिथाइल गट जोडलेल्या बेंझिनच्या, बाजूच्या साखळीवर क्लोरीन बसवतात. साखळी कसली, एकच मिथाइल गट, पण अभिक्रिया अगदी हीच, उजेडातली. पहिल्या टप्प्याला बेंझाइल क्लोराइड मिळतं, दुसऱ्याला बेंझाल क्लोराइड, तिसऱ्याला बेंझोट्रायक्लोराइड. तो म्हणाला, “मॅडम, आम्ही ग्रॅव्हिटी बघतो, पाण्याच्या तुलनेत द्रव किती जड ते. टोल्युइन असतं ०.८७ चं, बेंझाइल क्लोराइड १.१० चं. सॅम्पल काढायचं, हायड्रोमीटर टाकायचा, ठरलेला आकडा आला की क्लोरीनचा व्हॉल्व्ह बंद. तेव्हा आत टोल्युइन बरंच शिल्लक असतं, ते माहीत असतं आम्हाला. ते डिस्टिलेशन कॉलमवर वेगळं काढून परत आत घालायचं. सगळं टोल्युइन संपेपर्यंत थांबलात तर माल गेला पुढे.” चहा पिता पिता त्याने हे इतक्या सहज सांगितलं की मी ऐकतच राहिले. मिथेनच्या बाबतीतही कारखान्यात तेच: ४०० अंशांच्या वर तापवून क्लोरीन सोडायचा आणि जे मिश्रण येईल ते उत्कलनबिंदूंवरून वेगळं करायचं. क्लोरोमिथेन उणे २४ अंशांना उकळतं, डायक्लोरोमिथेन ४० ला, क्लोरोफॉर्म ६१ ला, कार्बन टेट्राक्लोराइड ७७ ला. निवड भांड्यात होत नाही, ती नंतर उंच कॉलममध्ये, वाफेवर आणि थंडाव्यावर करून घ्यावी लागते. पुस्तकातला बाण हे सगळं गिळून टाकतो.

या अभिक्रियेची सुरुवातच मुळी धुराने झाली असं सांगतात. पॅरिसच्या ट्यूलरीज राजवाड्यात मेजवानी होती आणि मेणबत्त्यांमधून असा झोंबरा धूर यायला लागला की पाहुणे खोकून बेजार झाले. चौकशी सेव्हर्सच्या चिनीमातीच्या कारखान्याचे संचालक ब्रोंन्यार यांच्याकडे आली आणि त्यांनी ती रसायनज्ञ जावयाकडे, झां-बातिस्त द्यूमाकडे सोपवली. द्यूमाला आढळलं की मेण पांढरंशुभ्र करायला क्लोरीन वापरला होता, तो क्लोरीन मेणात नुसता मिसळून न राहता त्याच्या रेणूंत शिरून बसला होता आणि मेणबत्ती जळताना हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडत होता. गोष्टीला पुढे पदर जोडले गेले असतीलही, पण १८३४ मध्ये द्यूमाने प्रतियोजनाचा नियम मांडला हे पक्कं. काही वर्षांनी त्याने ॲसिटिक आम्ल क्लोरीनबरोबर बाटल्यांत भरून उन्हात ठेवलं. तीन हायड्रोजन गेले, तीन क्लोरीन आले, आणि तयार झालेला पदार्थ तरीही आम्लच होता, स्वभावाने जवळपास पहिल्यासारखा.

बर्झेलियसला हे सहन झालं नाही. त्या काळातला रसायनशास्त्रातला सर्वांत मोठा माणूस तो, आणि त्याचं सगळं शास्त्र उभं होतं धन आणि ऋण विद्युतभारांच्या आकर्षणावर. हायड्रोजन धन, क्लोरीन ऋण. एकाच्या खुर्चीवर दुसरा बसतो आणि घर तसंच चालू राहतं, हे त्याला मान्य होणं शक्य नव्हतं. त्याचा शिष्य फ्रीड्रिख व्होलर तर थट्टेवर उतरला. १८४० मध्ये जर्मन रसायनज्ञ लीबिगच्या नियतकालिकात टोपणनावाने एक पत्र छापून आलं, त्यात मँगनीज ॲसिटेटमधला एकूण एक अणू काढून त्या जागी क्लोरीन बसवल्याचा दावा होता, आणि लंडनच्या दुकानांत म्हणे क्लोरीनच्या धाग्यांचं कापड मिळायला लागलं होतं. मला वाईट वाटतं ते ऑग्युस्त लोराँचं. हा द्यूमाचा मदतनीस. हायड्रोजनच्या जागी क्लोरीन आला तरी रेणूचा सांगाडा टिकतो, गुणधर्म त्या मांडणीवर ठरतात, हे त्याने द्यूमाहून आधी आणि द्यूमाहून धीटपणे म्हटलं होतं. बर्झेलियस अंगावर आला तेव्हा द्यूमाने जाहीरपणे हात वर केले, हे विचार माझे नव्हेत म्हणून. ॲसिटिक आम्लाच्या प्रयोगानंतर तो स्वतःच त्या बाजूला आला, आणि नाव झालं ते त्याचं. लोराँ १८५३ मध्ये क्षयाने गेला, पैशाची ओढाताण आयुष्यभर. वर्गात हे सांगायला वेळ नसतो. तरी इथेन, प्रोपेन, पेंटेनच्या पाठांतरात कुठेतरी मी त्याचं नाव घेते, कारण ‘सांगाडा तोच, जागेवरचा अणू वेगळा’ हे मुलं आज सहज मान्य करतात, ते त्याने शिव्या खाऊन मिळवलेलं आहे.

आणि एवढं होऊनही मधला तो मिथाइल मूलक कुणी पाहिला नव्हता. एकोणिसावं शतक संपेपर्यंत शहाणी मंडळी म्हणत, तीनच बंध असलेला कार्बन सुटा राहूच शकत नाही. १९०० मध्ये मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग वेगळाच पदार्थ बनवायला गेला आणि त्याच्या हाती पिवळं द्रावण लागलं. हवा लागली की त्याचा रंग उडायचा. तीन फेनिल गटांच्या आडोशाने टिकून राहिलेला तो मूलक होता. मिथाइलला मात्र असा आडोसा नाही. १९२९ मध्ये पानेथ आणि होफेडिट्झ यांनी टेट्रामिथाइल लेडची वाफ तापलेल्या नळीतून सोडली. तापवलेल्या जागी काचेवर शिशाचा आरसा जमला. मग त्यांनी ज्योत त्याच्या अलीकडे आणली: तिथे नवा आरसा जमू लागला आणि पुढचा जुना आरसा पुसट होत नाहीसा झाला. वाफेबरोबर पुढे गेलेले मिथाइल मूलक वाटेतलं शिसं उचलून नेत होते. सेकंदाचाही लहानसा अंश टिकणारी वस्तू, आणि तिचा पुरावा म्हणजे काचेवरून पुसला गेलेला डाग. रसायनशास्त्रात इतका देखणा प्रयोग मला दुसरा आठवत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. किती हायड्रोजन बदलणार हे एक झालं. कोणता बदलणार हे दुसरं. प्रोपेन घ्या. त्यात आठ हायड्रोजन, टोकांच्या दोन कार्बनांवर मिळून सहा आणि मधल्यावर दोन. नुसत्या संख्येवर ठरलं असतं तर टोकाचं उत्पादित ७५ टक्के आणि मधलं २५ टक्के मिळायला हवं होतं. साध्या तापमानाला क्लोरीन वापरला तर मिळतं ४५ आणि ५५. ब्रोमीन वापरला, १२७ अंशांना, तर मिळतं ३ आणि ९७. पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा मी बोट ठेवून पुन्हा वाचला होता. मधला बंध थोडा सैल आहे, हे दोघांनाही लागू आहे, मग एवढी तफावत कशाने? क्लोरीनला हायड्रोजन ओढताना जवळजवळ चढच लागत नाही. मिथेनचा बंध ४३९ चा तोडायचा आणि हायड्रोजन क्लोराइडचा ४३१ चा मिळवायचा, फरक आठाचा. ब्रोमीनला हायड्रोजन ब्रोमाइडमधून ३६६ च परत मिळतात, म्हणजे सत्तरच्या वर चढ. कऱ्हाडकडे कुंभार्ली घाट पायी चढायचा झाला तर माणूस दोन वाटांमधली कमी उभी वाट शोधूनच चढतो. सपाटीला चालताना असा हिशेब कुणी करत नाही. ब्रोमीन प्रत्येक वेळी घाट चढतो, म्हणून बंधांमधला थोडा फरकही त्याला भारी पडतो. आयोडीनला चढ इतका उंच पडतो की तो बहुतेक वेळा मागेच फिरतो. त्याची अभिक्रिया पुढे न्यायची तर तयार झालेला हायड्रोजन आयोडाइड आयोडिक आम्लासारख्या ऑक्सिडीकारकाने काढून टाकावा लागतो. आणि फ्लोरीनला उतारच उतार, तिथे भांडं फुटण्याची भीती. एका ओळीत उभी असलेली ही चार मूलद्रव्यं, आणि चौघांची तऱ्हा किती वेगळी.

अतिशय उतावळ्या क्लोरीनची बाहेरच्या जगातली गोष्ट आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. मिथेनच्या चारही जागा भरून झालेलं कार्बन टेट्राक्लोराइड, त्यातले काही क्लोरीन फ्लोरीनने बदलून केलेले फ्रिजमधले वायू, १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दिलेला इशारा, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर आढळलेलं ओझोनचं छिद्र, १९८७ चा माँट्रियल करार. ते पुन्हा उगाळत नाही. त्यातली एक बाब मात्र मला उशिरा कळली आणि कळल्यापासून मनातून जात नाही. वर, स्थितांबरात, फ्रिजच्या वायूतून उन्हाने सुटा केलेला क्लोरीनचा अणू एकामागून एक हजारो ओझोनचे रेणू मोडत सुटतो. त्याला आवर कोण घालतं? मिथेन. जमिनीवरून वर पोचलेल्या मिथेनचा एक हायड्रोजन तो ओढतो, हायड्रोजन क्लोराइड होतो आणि निदान काही काळ गप्प बसतो. फळ्यावर मी साखळीची पहिली कडी म्हणून जी पायरी लिहिते, तीच पायरी तिथे साखळी तोडते. भांड्यात मिथाइल मूलकाला लगेच क्लोरीनचा रेणू भेटतो, म्हणून अणू पुन्हा सुटा होतो. वर क्लोरीनचा रेणू भेटत नाही, ऑक्सिजन भेटतो, आणि क्लोरीनची सुटका लांबते. ध्रुवावरच्या बर्फाळ ढगांच्या कणांवर त्या हायड्रोजन क्लोराइडमधला क्लोरीन पुन्हा मोकळा होतो, तेव्हा वसंतात ते छिद्र उघडतं.

थांबण्याचा प्रश्न मिथेनच्या बाबतीत आजही सुटलेला नाही, निदान कारखान्यात तरी. मिथेनचा एक हायड्रोजन काढून तिथे हायड्रॉक्सिल गट बसवला की मिथेनॉल होतं. कागदावर एवढंच. पण अडचण तीच जुनी: मिथेनॉल मिथेनपेक्षा सहज ऑक्सिडीकृत होतं, एकावर कुणी थांबत नाही, मामला थेट कार्बन डायऑक्साइडपर्यंत जातो. म्हणून कारखान्यात लांबची वाट धरतात. मिथेन आणि वाफ निकेलवरून ८०० अंशांच्या पुढे तापवून मिथेनचे चारही बंध मोडतात, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन वेगळे करून घेतात, आणि मग तांब्याच्या उत्प्रेरकावर, मोठ्या दाबाखाली, त्यांना पुन्हा जोडून मिथेनॉल करतात. हेच काम आमच्या इथल्या भातखाचरांत जिवाणू करतात. चिखलात मिथेन तयार होतो, भाताच्या पोकळ दांड्यातून मुळांशी थोडा ऑक्सिजन उतरतो, आणि त्या दोन्हींच्या सीमेवर बसलेले मिथेन खाणारे जिवाणू एका एन्झाइमच्या मदतीने, आत लोह किंवा तांबं धरून, नेमका एक हायड्रोजन बदलतात. भट्टी नाही, दाब नाही, ऊनही नाही. पुढचं ऑक्सिडीकरण होतं, पण ते दुसऱ्या एन्झाइमच्या हातून, स्वतंत्र टप्प्याने. पहिलं आपलं काम करून मिथेनॉल सोडून देतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अशा जिवाणूंवर काम झालेलं आहे, तेही भाताच्या शेतांतून वेगळे काढलेल्या. पुढच्या तासाला मी फळ्यावर चार उत्पादितं लिहीन, त्यांचे उत्कलनबिंदू लिहीन, ग्रॅव्हिटीचा आकडा लिहीन, आणि मग मिथेनॉलचा तो लांबचा रस्ता आणि खाचरातला जवळचा रस्ता, दोन्ही एकाखाली एक काढीन. अभ्यासक्रमात यातलं निम्मंही नाही. त्या मुलीला मात्र ते हवं आहे, आणि निम्म्या वर्गाच्या घरची शेती आहे.